बिनतारी पाकिटे : एका पेटीचा इतिहास

पाकीट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे टपालाचे पाकीट उभे राहते. वर ज्याला पाठवायचे त्याचे नाव व गाव, कोपऱ्यात धाडणाऱ्याचा पत्ता, आत मजकूर, आणि कडेला डिंकाने चिकटवलेली पट्टी. एवढ्या गोष्टी जमल्या की पाकिटाला स्वतःचे असे अस्तित्व प्राप्त होते. ते कोणत्याही थैलीत पडो, कोणत्याही गाडीने जावो, त्याला आपला धनी ठाऊक असतो. याउलट बिनतारी संदेश ही मुळात मोकळी हाक. भर बाजारात कुणी कुणाला हाक मारावी तशी ती सर्वांच्याच कानांवर पडते, आणि दोघांनी एकदम हाक मारली तर एकाचीही धड ऐकू येत नाही. या मोकळ्या हाकेला पाकिटाची शिस्त लावता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजक्या लोकांनी हाती घेतला, आणि त्याचे उत्तर त्यांना एका लहानशा पेटीत सापडले. पेटीच्या एका अंगाला संगणकाचे टर्मिनल, म्हणजे अक्षरे टंकण्याचा फलक व ती उमटवणारा पडदा. दुसऱ्या अंगाला बिनतारी यंत्र. आणि मध्ये ही पेटी. आज घराघरांतून ज्या वाय-फायवर कामे चालतात, त्याची वंशावळ शोधू गेल्यास तिची एक शाखा या पेटीपाशी येऊन पोहोचते.

हकीकतीचा आरंभ हवाई बेटांत होतो. ओआहू बेटावर होनोलुलूजवळ मानोआ नावाचे एक खोरे आहे. तेथे हवाई विद्यापीठाचे मुख्य आवार. दुसरे महाविद्यालय हिलो येथे, म्हणजे वेगळ्याच बेटावर, आणि विद्यापीठाशी संलग्न अशा आणखी संस्था इतर बेटांवर विखुरलेल्या. विद्यापीठाचा मोठा संगणक मानोआत होता. त्याचा उपयोग बाकीच्यांनी करायचा कसा, हा प्रश्न होता. नेहमीचा मार्ग टेलिफोनच्या तारेचा. पण समुद्रापलीकडची तार महाग पडे, आणि पैसे मोजूनही तिच्यावरून येणारी अक्षरे शाबूत येतील याची खात्री नसे. शिवाय टेलिफोनची तार दोन माणसांच्या सततच्या बोलण्यासाठी बांधलेली असते. टर्मिनलपुढे बसलेला माणूस तसे बोलत नाही. तो एक ओळ टंकतो, विचार करतो, डोके खाजवतो, पुन्हा एक ओळ टंकतो. त्याच्या विचार करण्याच्या वेळेतही तार अडकून पडलेली असते, व तिचे भाडे चालू असते.

नॉर्मन अब्रॅमसन हे १९६६ साली या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. त्यापूर्वी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवीत. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना नाद होता, आणि हवाईच्या ओढीत या नादाचाही वाटा होता असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये फ्रँक्लिन कुओ व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी एक योजना हाती घेतली. तिला नाव दिले ‘अलोहा’. हवाईच्या भाषेतील हा शब्द स्वागतालाही चालतो व निरोपालाही. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या संशोधन संस्थेकडून आला.

योजनेत बिनतारी मार्ग दोनच होते. सर्व टर्मिनलांनी मानोआकडे बोलायचे ते ४०७.३५० मेगाहर्ट्झवर, आणि मानोआने सर्वांना उद्देशून बोलायचे ते ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर. दुसऱ्या मार्गात अडचण नव्हती, कारण तेथे बोलणारा एकच. अडचण सारी पहिल्या मार्गात. तेथे बोलणारे पुष्कळ, एकमेकांना न दिसणारे. अशा वेळी शहाणा व्यवस्थापक पाळ्या लावून देतो; एकाचे झाले की दुसऱ्याचे. अब्रॅमसन यांनी पाळ्या लावल्या नाहीत. ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे, एवढाच नियम त्यांनी केला. मजकूर लहान पाकिटात घालावा व सोडून द्यावा. मानोआला ते नीट पोहोचले तर तेथून पोच येईल. ठराविक वेळात पोच आली नाही तर दोन पाकिटे वाटेत आदळली असे समजावे, आणि तेच पाकीट पुन्हा सोडावे. मात्र पुन्हा सोडताना प्रत्येकाने निरनिराळा, केवळ दैवाने ठरणारा वेळ थांबावे. नाहीतर तीच दोन पाकिटे पुन्हा त्याच क्षणी एकमेकांवर आदळतील. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन भिडस्त माणसे एकाच बाजूला सरकतात, पुन्हा दुसऱ्या बाजूला सरकतात, आणि कोणी एक जरा अधिक थांबला म्हणजेच वाट मोकळी होते. त्यातलाच हा प्रकार.

या बेशिस्तीची किंमत अब्रॅमसन यांनी गणिताने काढली. एखादे पाकीट सुखरूप जायचे, तर ते हवेत असताना दुसरे सुटता कामा नये, आणि ते सुटण्यापूर्वी पाकीटभर वेळात आधीचेही सुटलेले असता कामा नये. हा दुहेरी धोका धरून हिशेब केला तर मार्गाच्या एकंदर शक्तीपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच कामी येते. बाकीची आदळआपटीत आणि रिकाम्या शांततेत जाते. पुढे १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एक सुधारणा सुचवली. पाकिटे वाटेल त्या क्षणी न सोडता घड्याळाच्या ठोक्यावर सोडावी. म्हणजे ती आदळली तर पूर्णपणे आदळतील, नाहीतर मुळीच आदळणार नाहीत. एवढ्याने उपयोग बरोबर दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होतो. तरीही पहिला आकडा ऐकून कुणाचेही मन खट्टू होईल. शंभर रुपयांपैकी एक्याऐंशी पाण्यात टाकणारी ही कसली व्यवस्था? पण हा आक्षेप टेलिफोनच्या चष्म्यातून पाहणाऱ्याचा. टेलिफोनच्या तारेवर तो टंकणारा माणूस विचारच अधिक करीत असे, आणि तेथील अपव्यय याहून मोठा होता. शिवाय येथे पाळी लावणारा कोणी नको, नावे नोंदवणारा नको. नवीन टर्मिनल आले तर जुन्यांना विचारण्याची गरज नाही. गणिताने जे गमावले ते साधेपणाने भरून दिले, आणि हा सौदा योग्यच होता असे पुढच्या इतिहासाने दाखवले आहे.

जून १९७१ मध्ये पहिले टर्मिनल हवेवर आले. त्याला जोडलेल्या पेटीचे नाव ‘टर्मिनल नियंत्रण एकक’. आपल्या हकीकतीतील पेटीची ही मूळ प्रत. तिच्या पोटात काय होते? पहिली गोष्ट म्हणजे ऐंशी अक्षरांची कोठी. टंकणारा टंकीत जाई तशी अक्षरे कोठीत साठत, आणि ओळ पुरी झाली की पेटी त्यांचे पाकीट बांधी. ऐंशी अक्षरांचे ६४० बिट, पुढे ३२ बिटांचा मथळा, आणि मथळा व मजकूर शाबूत आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी प्रत्येकी १६ बिटांची ताळा-संख्या. मिळून ७०४ बिट. सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने ते पाकीट सुमारे ७३ मिलिसेकंदांत हवेतून निघून जाई. म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमीच वेळ. पेटीतच बिटांचे बिनतारी कंपनांत रूपांतर करणारे मोडेम होते. तिला प्रेषक-ग्राहक यंत्र जोडलेले, आणि त्याला छपरावरची एरियल.

या रचनेतील खरी खुबी मात्र पेटीच्या दुसऱ्या अंगाला होती. टर्मिनल तिला जोडले जाई ते नेहमीच्या प्रमाणित जोडाने, ज्या जोडाने ते टेलिफोनच्या मोडेमला जोडले जाते त्याच जोडाने. आपण समुद्र ओलांडून बिनतारी बोलत आहोत याचा टर्मिनलला पत्ताही नसे. पाकिटे बांधणे, ताळा पाहणे, पोचेची वाट पाहणे, पुन्हा पाठवणे ही सारी दगदग पेटी मुकाट्याने करी. बाजारात मिळणारे कोणतेही टर्मिनल आणून जोडावे, काम सुरू. ज्या यंत्राने स्वतःचे अस्तित्व दोन्ही बाजूंना जाणवू दिले नाही तेच यंत्र टिकले, असे पुष्कळदा दिसते.

मानोआला मोठ्या संगणकापुढे पाकिटे उघडून देणारा जो छोटा संगणक होता, त्याचे नाव ‘मेनेहुने’. हवाईच्या दंतकथांत रात्री गुपचूप बांधकामे करणारी बुटकी माणसे आहेत, ती मेनेहुने. हे नामकरण थोडे खोडकर होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ‘आर्पानेट’ नावाचे संगणकांचे जाळे त्या वेळी विणले जात होते, आणि त्यातल्या अशाच यंत्राला ‘इम्प’ म्हणत. इंग्रजीत इम्प म्हणजे खट्याळ बाळपिशाच्च. हवाईकरांनी त्याला आपल्याकडचे पिशाच्च शोधून काढले इतकेच.

आर्पानेटशी जोडले जाण्याची कथाही अशीच गमतीची आहे. जाळ्याची जबाबदारी वर सांगितलेल्या रॉबर्ट्स यांच्याकडे होती. अब्रॅमसन त्यांच्या कचेरीत गेले असता फळ्यावर कोणत्या ठिकाणी केव्हा इम्प बसवायचा याची यादी लिहिलेली दिसली. रॉबर्ट्स क्षणभर बाहेर गेले. अब्रॅमसन यांनी खडू उचलला, यादीत ‘अलोहा’ हे नाव घातले, आणि पुढे १७ डिसेंबर ही मनाला येईल ती तारीख लिहून टाकली. नंतर या गोष्टीचा कोणी उच्चारही केला नाही. १९७२ च्या डिसेंबरात ती तारीख जवळ आली तेव्हा मात्र यंत्र बसवण्याची सिद्धता आहे ना, अशी विचारणा हवाईला झाली, आणि त्या महिन्यात उपग्रहामार्फत हवाई बेटे जाळ्यात आली. हा किस्सा अब्रॅमसन यांनी स्वतःच पुढे एका लेखात नमूद केला आहे, म्हणून तो खरा मानायला हरकत नाही.

अलोहाचा पुढील प्रवास दोन वाटांनी झाला. एक वाट तारेची. रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा निबंध वाचला, आणि हवेऐवजी एकाच जाड तारेवर अनेक संगणकांना असेच बोलू द्यावे ही कल्पना २२ मे १९७३ च्या टिपणात मांडली. तीच ईथरनेट, तिची कथा स्वतंत्र व मोठी आहे. दुसरी वाट लष्कराची. चालत्या वाहनांतून पाकिटे पाठवता यावीत म्हणून कॅलिफोर्नियात एक मोटारगाडी सज्ज करण्यात आली. २७ ऑगस्ट १९७६ रोजी ती पोर्टोला व्हॅली येथील एका बियरच्या उपाहारगृहाच्या आवारात उभी राहिली. तिच्यातून एक तार अंगणातल्या लाकडी मेजावर आणली गेली, तेथे टर्मिनल मांडले गेले, आणि एक लांबलचक अहवाल बिनतारी जाळ्यातून आर्पानेटवर रवाना झाला. परस्परभिन्न जाळी एकमेकांना जोडण्याच्या प्रयत्नांतले हे एक ठळक पाऊल. पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९७७ रोजी, त्याच गाडीतून निघालेली पाकिटे बिनतारी, उपग्रहीय व तारेचे अशा तीन जाळ्यांतून फिरून आली.

आतापर्यंतचे सारे काम विद्यापीठांचे किंवा सरकारी पैशाचे. सामान्य माणसाच्या घरी ही पेटी आणली ती हौशी बिनतारी प्रेषकांनी, ज्यांना ‘हॅम’ म्हणतात. सरकारकडून परवाना घ्यावा, परीक्षा द्यावी, मिळालेले संकेतनाम लावून हवेवर बोलावे, आणि बोलण्याचा एक पैसाही घेऊ नये, असा हा जगभरचा संप्रदाय आहे. भारतातील केंद्रांची संकेतनामे सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. अमेरिकेत या मंडळींना टंकित संदेश पाठवायचे तर जुन्या टेलिप्रिंटरच्या पाच बिटांच्या लिपीतच पाठवावे लागत. संगणकाची लिपी, जिला ॲस्की म्हणतात, ती हवेवर आणण्याची मुभा तेथे मिळाली ती १७ मार्च १९८० रोजी. कॅनडाच्या सरकारचा हात याबाबतीत अधिक सैल होता. म्हणून आरंभाचा मान कॅनडाकडे गेला. ३१ मे १९७८ रोजी माँट्रियलच्या हौशी मंडळींनी पहिली पाकिटे हवेवर सोडली. थोड्याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकूव्हर शहरात, डग लॉकहार्ट व त्यांच्या मंडळाने एका पाटीवर मावेल असे यंत्र तयार केले आणि त्याला नाव दिले ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’. त्याची आद्याक्षरे टीएनसी. हेच नाव पुढे रूढ झाले. डिसेंबर १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात हँक मॅग्नुस्की यांनी आलेले पाकीट पुन्हा पुढे धाडणारे केंद्र सुरू केले, आणि अमेरिकेतही हे वेड लागले.

व्हँकूव्हरच्या पद्धतीत एक उणीव होती, आणि तिच्यावरून पुढे बराच खल झाला. पाकिटावरील पत्ता एका लहानशा क्रमांकाचा होता. एका शहरापुरते हे ठीक. पण क्रमांक वाटणारा कोणीतरी हवा, आणि दोन शहरांची केंद्रे एकमेकांना ऐकू येऊ लागली की एकाच क्रमांकाचे दोघे निघणार. हवाईमध्ये ज्याची गरजच ठेवली नव्हती तो कारभारी येथे मागील दाराने शिरत होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये या कामातील निरनिराळ्या गटांचे प्रतिनिधी टॉम क्लार्क यांच्या पुढाकाराने एकत्र जमले, आणि तेथे एक साधा निर्णय झाला: पत्ता म्हणून संकेतनामच वापरावे. ते प्रत्येकाजवळ आहेच. सरकारने दिलेले असल्यामुळे जगात दुसऱ्या कुणाचे तेच असणार नाही. आणि कायद्याप्रमाणे हवेवर आपले नाव सांगणे प्रत्येकाला भागच आहे. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे संकेतनाम छापले की कायदाही पाळला गेला आणि पत्ताही झाला. क्रमांक वाटणारी कचेरी उघडण्याचे कारणच उरले नाही. या निर्णयावर उभी राहिलेली नियमावली ‘एएक्स-२५’. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकेच्या हौशी प्रेषकांच्या मध्यवर्ती संस्थेने संमत केली. पत्त्यासाठी सहा अक्षरे, मागे शून्य ते पंधरा यांपैकी एक आकडा, म्हणजे एकाच गृहस्थाची निरनिराळी यंत्रे ओळखता यावीत. आणि वाटेत पाकीट पुढे ढकलणाऱ्या जास्तीत जास्त आठ केंद्रांची नावे लिहिण्याची सोय. पाकिटाची सुरुवात व शेवट कळावा म्हणून सहा एक ओळीने असलेली एक खूण ठरली. मजकुरात चुकून तशीच ओळ आली तर घोटाळा होईल, म्हणून पाच एक लागोपाठ आले की पाठवणारी पेटी मध्ये एक शून्य खुपसते, व घेणारी तो मुकाट्याने काढून टाकते. ही युक्ती हौशी मंडळींची नव्हे, मोठ्या संगणकांच्या जगातून घेतलेली. पण ती इतकी नामी आहे की तिचा उल्लेख टाळवत नाही.

ॲरिझोना संस्थानातील टुसॉन गावी १९८१ च्या अखेरीस काही हौशी जमले. त्यांच्या मंडळाचे नाव टुसॉन ॲमेच्युअर पॅकेट रेडिओ, आद्याक्षरे टीएपीआर. लाइल जॉन्सन, डेन कॉनर्स प्रभृती मंडळींनी प्रथम चाचणीची यंत्रे केली, मग १९८३ मध्ये टीएनसी-१ हा जुळणीचा संच बाजारात आणला, आणि १९८५ मध्ये टीएनसी-२. या दुसऱ्या पेटीत झेड-८० हा त्या काळी घरोघरी पोहोचलेला स्वस्त सूक्ष्मप्रक्रियक होता. पेटी लहान, वीज थोडी खाणारी, आणि किंमत शाळामास्तराच्या आवाक्यातील.

ती मांडायची म्हणजे काय करावे लागे, हे आजच्या वाचकाला सांगणे अवश्य आहे, कारण आज यंत्र खोक्यातून काढले की चालू होते. टीएनसी-२ घरी आली की प्रथम डाग देण्याची कात्री, म्हणजे सोल्डरिंगचे यंत्र, तापवायचे आणि सुटे भाग पाटीवर जोडायचे. मग टर्मिनलची तार. जोडाला पंचवीस टाचण्या असत, परंतु कामाच्या तीन: दोन नंबरच्या टाचणीवरून टर्मिनल बोले, तीनवरून पेटी उत्तर देई, आणि सात नंबरची दोघांची सामाईक जमीन. पेटीच्या पाठीमागे खटक्यांची ओळ होती. पहिल्या पाचांपैकी नेमका एक लावून टर्मिनलचा वेग ठरवायचा: ३००, १२००, २४००, ४८०० किंवा ९६००. वीज दिली की पेटी आपले नाव सांगे. पडद्यावर नावाऐवजी तुटकी-फुटकी चिन्हे उमटली तर समजावे, की वेग जुळलेला नाही, किंवा पेटी सात बिट व सम ताळा धरून बोलते आहे आणि टर्मिनल आठ बिट ऐकते आहे. प्रत्येक अक्षर दोनदोनदा उमटले तर दोघेही प्रतिध्वनी देत आहेत. एकाला गप्प करावे. पहिल्या संध्याकाळचा बराच भाग यातच जाई, आणि हवेवर अजून एक अक्षरही गेलेले नसे.

पडद्यावर ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे व पुढे दोन टिंबे आली की पेटी आज्ञेची वाट पाहते आहे असा अर्थ. पहिली आज्ञा ‘मायकॉल’. तिच्यापुढे आपले संकेतनाम लिहायचे. हे केल्याखेरीज हवेवर जाणे म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावावाचून पाकीट टाकणे. त्यानंतर बिनतारी यंत्राची तार: ध्वनी आत, ध्वनी बाहेर, बोलण्याची कळ दाबणारी एक तार, आणि जमीन. पेटी एकासाठी १२०० व शून्यासाठी २२०० हर्ट्झचा, किंबहुना त्या दोहोंच्या अदलाबदलीतून, सूर काढी. हे सूर टेलिफोनच्या जुन्या मोडेमचे. म्हणून वेग सेकंदाला १२०० बिट, हवाईच्या एकअष्टमांश. या मागे जाण्याला कारण होते. सूर माणसाच्या आवाजाच्या मर्यादेत असल्याने ते कोणत्याही बोलक्या यंत्राच्या मायक्रोफोनच्या भोकात घालता येत. यंत्र उघडावे लागत नसे. पुष्कळांना थोडे मिळाले ते थोड्यांना पुष्कळ मिळण्यापेक्षा बरे, असा हा हिशेब.

सर्वांत नाजूक आज्ञा ‘टीएक्सडिले’. कळ दाबल्याबरोबर प्रेषक पूर्ण शक्तीने बोलू लागत नाही. पलीकडचा ग्राहकही कान टवकारायला क्षणभर घेतो. तोवर थांबायचे किती, हे सेंकदाच्या शतांशांत सांगावे लागे. तीस लिहिले म्हणजे ३०० मिलिसेकंद. कमी लिहिले तर पाकिटाचे डोके कापले जाई. आणि एक बिट जरी बिघडला तरी ताळा जमत नसल्याने सबंध पाकीट रद्द होई. जास्त लिहिले तर सर्वांच्या सामाईक हवेचा अपव्यय. १२८ अक्षरांचे पाकीट जायला सुमारे एक सेकंद लागे. त्याच्यापुढे तिसरा हिस्सा सेकंद नुसते थांबणे ही काही लहान उधळपट्टी नव्हे. आपले यंत्र जुने आहे म्हणून शेजाऱ्यांचा वेळ किती घ्यावा, याचा निर्णय प्रत्येकाला स्वतःच्या घरी बसून, कोणी न विचारता, करावा लागे. शेवटी ‘कनेक्ट’ आणि समोरच्याचे संकेतनाम. दिवा लुकलुके, कळ आपोआप दाबली जाई, आणि पोच आली तर जोडणी झाल्याची ओळ पडद्यावर उमटे. नाहीतर दहा वेळा प्रयत्न करून पेटी हात टेकी व तसे सांगे.

लवकरच शहरोशहरी निरोपांच्या पेढ्या उघडल्या, ज्यांत संदेश ठेवावा व दुसऱ्याने तो सवडीने न्यावा. रात्री एक केंद्र दुसऱ्याला संदेश पोहोचते करी. गर्दी वाढली तशी एक जुनी अडचण नव्या रूपाने पुढे आली. एएक्स-२५ ची पेटी बोलण्यापूर्वी हवा मोकळी आहे का हे ऐकते; हवाईच्या पेट्या तेवढेही करीत नसत. पण डोंगराच्या दोन बाजूंना असलेली दोन केंद्रे एकमेकांना ऐकूच येत नाहीत. दोघांनाही हवा मोकळी वाटते, दोघेही बोलतात, आणि शिखरावरच्या केंद्रापाशी पाकिटांचा चुराडा होतो. फिल कार्न या हौशी अभियंत्याने १९९० मध्ये यावर तोड सुचवली: ऐकून भागत नाही, आधी विचारावे. लहानशा पाकिटाने परवानगी मागावी, पलीकडच्याने लहानशा पाकिटाने ती द्यावी. ती परवानगी ज्याच्या ज्याच्या कानी पडेल त्याने तेवढा वेळ गप्प राहावे. ही पद्धत सुधारून पुढे वाय-फायच्या नियमावलीत घेतली गेली. दिवाणखान्यातील आजच्या यंत्रात डोंगरापलीकडच्या हॅमची ही तक्रार अशी मुरलेली आहे.

कार्न यांचेच आणखी एक काम पेटीच्या मुळावर आले. घरगुती संगणक आता पेटीहून हुशार झाले होते. तेव्हा १९८६-८७ च्या सुमारास माइक चेपोनिस व कार्न यांनी ‘किस’ नावाची साधी पद्धत काढली. पेटीने फक्त बिटांची बांधाबांध करावी. पत्ते, पोच, पुन्हा पाठवणे हे संगणकाने पाहावे. त्यामुळे इंटरनेटची नियमावली हौशी हवेवर चालू लागली. तिच्यासाठी पत्त्यांचा एक विशाल गट, ४४ या आकड्याने सुरू होणारा, मॅग्नुस्की यांनी १९८१ सालीच मागून ठेवला होता. त्या वेळी असे पत्ते फुकट मिळत. २०१९ मध्ये त्यांपैकी चौथा हिस्सा, सुमारे ४० लाखांहून अधिक पत्ते, ॲमेझॉन कंपनीला विकला गेला, आणि आलेल्या पैशातून संशोधनाला देणग्या देणारा निधी उभा राहिला. सामाईक ठेव विकण्याचा अधिकार कुणाला, यावर हौशी मंडळींत कडाक्याचा वाद झाला. वाद करणाऱ्यांची बाजू निव्वळ भाबडी म्हणता येणार नाही. जे वापरण्यासाठी सर्वांच्या नावे मागितले होते त्याचा सौदा थोड्यांनी केला, हे तर खरेच होते. आणि त्या पत्त्यांतला मोठा भाग वर्षानुवर्षे पडीक होता, हेही तितकेच खरे.

नव्वदीच्या दशकात इंटरनेट घरोघर आले आणि निरोपांच्या पेढ्या एकामागून एक ओस पडल्या. पाकिटे मात्र हवेतून नाहीशी झाली नाहीत. बॉब ब्रुनिंगा यांनी काढलेल्या ‘एपीआरएस’ पद्धतीत वाहनांचे ठिकाण, हवामान व त्रोटक निरोप त्याच १२०० बिटांच्या वेगाने जात असतात. पेटीचे काम आता बहुधा संगणकातील ध्वनिपट्टी व एखादी प्रणालीच करते. टर्मिनल, पेटी व मोडेम ही तिन्ही एका खिडकीत मावतात. अब्रॅमसन १ डिसेंबर २०२० रोजी वारले, ब्रुनिंगा फेब्रुवारी २०२२ मध्ये.

टीएनसी-२ चा आराखडा टीएपीआरने स्वतःपाशी अडवून ठेवला नाही. निरनिराळ्या कारखानदारांना तो वापरू दिला, आणि तिच्या भावंडांचा सुळसुळाट झाला. त्यांतल्या कित्येक अजून हौशी लोकांच्या माळ्यांवर आहेत. आज्ञा लक्षात ठेवण्यासाठी त्यांच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. ती बहुतेकांत केव्हाच संपली आहे. अशी पेटी आज वीज देऊन जागी केली तर ती चालते. मात्र पूर्वीच्या मालकाचे नाव तिला आठवत नाही. ‘मायकॉल’ विचारले तर ती ‘नोकॉल’ असे उत्तर देते, आणि नवे संकेतनाम टंकले जाईपर्यंत तसेच देत राहते.